पैसा फंडाच्या शेजारी

लोणावळ्याकडे जाणारी लोकल बेगडेवाडी सोडते, मग घोरावाडी लागतं आणि त्याच्या पुढे तळेगाव. घोरावाडीला उतरणारे थोडेच, पण पंचक्रोशीत हे नाव ठाऊक असतं ते घोरावडेश्वराच्या डोंगरामुळे. महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते. एरवी रविवारी सकाळी निगडी-चिंचवडची मंडळी घाम गाळायला पायऱ्या चढतात आणि खाली आल्यावर मिसळ चापून तो हिशेब बरोबर करतात. डोंगरातली लेणी मूळची बौद्ध. अभ्यासक त्यांना शेलारवाडीची लेणी म्हणतात. तिथल्या एका ब्राह्मी लेखात दान देणारीचं नाव आहे. धेनुकाकटात राहणाऱ्या उसभणक नावाच्या शेतकऱ्याची बायको सियागुतनिका, आणि तिच्यासोबत तिचा मुलगा नंद. पलीकडे कार्ल्याच्या लेण्यातही अशीच नावं सापडतात. कुणी सुतार, कुणी व्यापारी, कुणी यवन. कुणी खांब दिला, कुणी आणखी काही. दानशूर राजे-सरदार होतेच, पण मोठं काम चार जणांच्या वर्गणीतून उभं करायची रीत मावळाला नवी नाही.

त्याच रीतीचा विसाव्या शतकातला अवतार घोरावाडीच्या पुढच्याच स्टेशनवर घडला. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी 'पैसा फंड' काढला: माणशी वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभे करायचे. लोकांनी हसण्यावारी न्यावी अशीच ही कल्पना. पण काळे हटले नाहीत, टिळकांनी पाठीशी बळ उभं केलं आणि १९०८ साली तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचेचं शिक्षण घेऊन आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेयांनी तो चालवून दाखवला. दिव्याच्या चिमण्या विलायतेहून येण्याच्या त्या काळात, हजारोंच्या एकेका पैशातून पेटलेली ती भट्टी होती.

फुटबॉलच्या लेखात हे पुराण लावलं, कारण याच पट्ट्यात शंभर वर्षांनी नेमकी उलटी गोष्ट घडली. २००७ ते २०१९ या बारा वर्षांत पुण्यानं चार व्यावसायिक फुटबॉल क्लब पाहिले. चारही राष्ट्रीय नकाशावरून पुसले गेले. आणि चारांपैकी एकातही पाठीराख्याची एका पैशाची मालकी नव्हती.

यातला पहिला आणि सगळ्यांत गुणी क्लब म्हणजे पुणे एफसी. अशोक पिरामल समूहानं तो २००७ मध्ये काढला. दुसऱ्या श्रेणीतून वर चढत तो २००९ मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च स्पर्धेत पोचला आणि पहिल्याच मोसमात तिसरा आला. गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक होते. २०१२-१३ मध्ये दक्षिण सुदानचा जेम्स मोगा गोलांचा सपाटा लावत होता आणि पुणे उपविजेता ठरला. वर फक्त गोव्याचा चर्चिल ब्रदर्स. २०१४ मध्ये हा क्लब एएफसी कपमध्ये खेळला. म्हणजे बालेवाडीच्या मैदानावर आशिया खंडाची अधिकृत स्पर्धा आली होती, आणि तरी पुण्यातल्या निम्म्या लोकांना तिचा पत्ता नव्हता.

सामने बालेवाडीला, पण क्लबचं खरं घर मामुर्डीत. देहूरोडच्या अलीकडे, द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी. सरावाचं मैदान आणि मुलांची अकादमी तिथे होती. केरळातल्या मलप्पुरमहून आलेला आशिक कुरुनियन याच अकादमीत घडला आणि पुढे भारतासाठी खेळला. भारतीय फुटबॉलमध्ये अकादमी हा शब्द माहितीपुस्तिकेतच जास्त दिसायचा. पुणे एफसीनं तो जमिनीवर आणला, हे मान्य करायला हवं. मालक वाईट होते म्हणून क्लब गेला, असं हे प्रकरण नाही. उलट चांगला मालक असूनही तो गेला, आणि माझ्या मते खरा मुद्दा तिथेच आहे.

मामुर्डीच्या समोर रस्ता ओलांडला की गहुंजे. मावळातलं हे गाव क्रिकेटच्या मोठ्या स्टेडियममुळे जगाला कळलं. स्टेडियम २०१२ मध्ये सुरू झालं तेव्हा त्यावर सहारा समूहाच्या प्रमुखांचं नाव होतं; पुढच्याच वर्षी ते उतरलं. सहाराचा पुणे वॉरियर्स संघही २०१३ मध्ये आयपीएलमधून बाद झाला. मग दोन वर्षांपुरता रायझिंग पुणे सुपरजायंट आला, २०१७ ची अंतिम लढत मुंबईकडून एका धावेनं हरला आणि करार संपला तसा आवराआवर करून गेला. भाताच्या खाचरांशेजारी उभं राहिलेलं एवढं मोठं मैदान, पण इथे भाडेकरू टिकत नाहीत, असं त्या काळात मावळात गमतीनं म्हणता आलं असतं.

फुटबॉलची गोष्ट मात्र गमतीवर नेण्यासारखी नाही. २०१० च्या डिसेंबरात अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, सातशे कोटींचा करार केला होता. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग निघाली. शहरागणिक फ्रँचायझी, सिनेनट आणि क्रिकेटपटू सहमालक, वर चढायची किंवा खाली घसरायची भानगड नव्हती. ज्याच्या खिशात पैसा तो आत. आय-लीगचे क्लब मेहनतीनं वर आलेले होते, ते एका रात्रीत दुय्यम झाले. आपली स्पर्धा पुढे राहणार की नाही, हेच त्यांना कळेना. आय-लीगच्या क्लबचं गणित तसंही सोपं नव्हतं. तिकिटांचं उत्पन्न नावापुरतं, प्रक्षेपणाचा वाटा नाही, खर्च मात्र पगार, विमानं, हॉटेलं, परदेशी खेळाडू असा चढता. तूट मालकाच्या मुख्य धंद्यातून भरायची. धंद्यात कुणीतरी एके दिवशी विचारतं की ही रेघ ताळेबंदात का आहे, आणि उत्तर देणाऱ्याकडे भविष्य नसेल तर ती रेघ खोडली जाते.

२०१५ मध्ये पुणे एफसीची रेघ खोडली गेली. त्याच वर्षी कल्याणी समूहाच्या भारत एफसीचीही. हा दुसरा क्लब तर जेमतेम वर्षापूर्वी जन्मलेला. बालेवाडीला एक मोसम खेळला, तळाला राहिला आणि बंद. तिसरा डीएसके शिवाजियन्स. शिवाजियन्स हा पुण्याच्या स्थानिक लीगमधला जुना क्लब, तो डीएसके समूहानं २०१३ मध्ये घेतला आणि नावापुढे आपलं नाव जोडलं. त्यांची लिव्हरपूल क्लबशी जोडलेली अकादमी होती. आज भारतीय संघात उजव्या बगलेनं धावणारा मिझोरामचा लालियानझुआला छांगटे तिथेच शिकला. २०१७ मध्ये तो क्लबही आय-लीगमधून बाहेर पडला. पाठोपाठ समूह आर्थिक गैरव्यवहाराच्या खटल्यांत सापडला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच्या प्रमुखांना अटक झाली.

उरला चौथा, आयएसएलमधला एफसी पुणे सिटी. वाधवान समूहाचा क्लब, सुरुवातीला सहमालक हृतिक रोशन, पुढे अर्जुन कपूर. मामुर्डीची अकादमीही पुणे एफसीकडून याच क्लबकडे आली. याला मात्र प्रेक्षक मिळाले. 'ऑरेंज आर्मी' म्हणवणारी पोरं नारिंगी जर्सी घालून बालेवाडीच्या एका कोपऱ्यात ढोल घेऊन उभी राहत. २०१७-१८ मध्ये संघ उपांत्य फेरीत गेला. बालेवाडीचा सामना गोलशून्य सुटला. बंगळुरूला सुनील छेत्रीनं तीन गोल मारले आणि पुणे ३-१ नं हरलं. या क्लबचा तोच सर्वोच्च क्षण. ऑगस्ट २०१९ मध्ये तो आर्थिक अडचणीत मोडीत निघाला आणि आयएसएलमधली त्याची जागा हैदराबाद एफसी नावाच्या नव्या क्लबला मिळाली. खेळाडूंपैकी बरेचजण तिकडे गेले. ढोल इथे राहिले.

हैदराबादनं २०२१-२२ मध्ये आयएसएल जिंकली. नंतर तिथेही पैशाची चणचण झाली आणि २०२५ मध्ये तोच संघ स्पोर्टिंग क्लब दिल्ली होऊन राजधानीत गेला. पुण्याची जागा दोन वेळा रेल्वे बदलून दिल्लीला पोचली. ढोलवाल्या पोरांना दरम्यान कुणी काही विचारलं नाही, आणि नियमानं विचारायचं कारणही नव्हतं. ती फक्त तिकीट काढणारी गिऱ्हाइकं होती.

अशीच एक बदली पुण्याच्या सतरा वर्षांआधी लंडनमध्ये झाली होती. तिथला शेवट वेगळा झाला, म्हणून ती हकीकत जरा सावकाश सांगतो.

विम्बल्डन म्हटलं की आपल्याला टेनिस आठवतं. पण दक्षिण लंडनच्या त्या उपनगराचा एक छोटा, दांडगट फुटबॉल क्लब होता. १९८८ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात त्यानं बलाढ्य लिव्हरपूलला १-० नं हरवलं. गोल लॉरी सांचेझचा; आणि गोलरक्षक डेव्ह बेझंटनं पेनल्टी अडवली. पुढे १९९१ मध्ये क्लबनं प्लाव लेनचं आपलं जुनं मैदान सोडलं आणि दुसऱ्याच्या मैदानावर भाड्यानं खेळू लागला. घर गेलं की माणूस हलवायला सोपा होतो. मालकांनी ठरवलं की क्लब नव्वदेक किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स या नव्या शहरात न्यायचा. पाठीराख्यांनी बोंब मारली. २८ मे २००२ रोजी फुटबॉल संघटनेच्या तीन जणांच्या आयोगानं स्थलांतराला परवानगी दिली.

त्यानंतर पाठीराख्यांनी निषेधाचे फलक खाली ठेवले आणि नवाच क्लब काढला. महिन्याभरात विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या माळावर खेळाडू निवडायला चाचणी ठेवली. दोनशेहून अधिक जण बूट घेऊन आले. जुलैत पहिला सामना झाला. सराव सामनाच, आणि ४-० नं हरले. पण बघायला साडेचार हजारांवर माणसं होती. एएफसी विम्बल्डन इंग्लिश फुटबॉलच्या शिडीवर नवव्या पायरीपासून सुरू झाला. पुढे लीगमध्ये ओळीनं ७८ सामने हरला नाही, २०११ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये परतला, २०१६ मध्ये आणखी एक पायरी चढला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये प्लाव लेनवरच, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, स्वतःच्या नव्या स्टेडियममध्ये खेळू लागला. स्टेडियमला पैसे कमी पडले तेव्हा पाठीराख्यांकडून रोखे विकून पन्नास लाख पौंडांहून अधिक उभे केले.

क्लबची मालकी डॉन्स ट्रस्ट या पाठीराख्यांच्या संस्थेकडे. ही कल्पना विम्बल्डनची नव्हे. १९९२ मध्ये नॉर्थॅम्प्टन टाउन कर्जात बुडत होता तेव्हा ब्रायन लोमॅक्स नावाच्या माणसानं पाठीराख्यांची सभा बोलावली, वर्गणी काढली आणि पैसे देण्याआधी एक अट घातली: संचालक मंडळात आमचा माणूस हवा. ती जागा मिळाली. इंग्लंडमधला हा पहिला 'सपोर्टर्स ट्रस्ट', आणि पुढच्या सगळ्यांनी त्याचाच नमुना गिरवला.

आता यातली मराठी माणसाच्या कामाची गोष्ट. या ट्रस्टांनी नोंदणी केली ती बहुतेक करून सहकारी संस्थांच्या कायद्याखाली. एक सभासद, एक मत. शंभर पौंड दिले काय नि दहा दिले काय, मत एकच. वार्षिक सभा, निवडून आलेलं मंडळ, हिशेब सभासदांपुढे. हा साचा १८४४ मध्ये रॉचडेलच्या विणकरांनी पाडला. १९०४ मध्ये तो कायद्याच्या रूपानं हिंदुस्थानात आला आणि महाराष्ट्रानं त्याचं जे केलं ते जगात फार थोड्यांना जमलं. विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरानगरला साखर कारखाना उभारला. पुढे दूध संघ, पतपेढ्या, सूतगिरण्या, सोसायट्या. आमच्याकडेच कासारसाई-दारुंबऱ्याला संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. मावळातल्या ऊस लावणाऱ्याला शेअर म्हणजे काय, पॅनेल म्हणजे काय आणि सर्वसाधारण सभेत माईक कसा हिसकावायचा, हे कुणी शिकवावं लागत नाही.

म्हणजे विम्बल्डनच्या पोरांनी जे हत्यार उचललं, ते आपल्या माळ्यावर तेल लावून ठेवलेलं होतं. ऊस, दूध, पैसा, घर, सगळं आपण सभासद होऊन केलं. खेळाचा क्लब मात्र शेटजींनी काढायचा आणि आपण तिकीट काढायचं, हे कुणीही न ठरवता ठरून गेलं.

अपवाद एकच, आणि तो कोल्हापूरचा.

कोल्हापूरच्या फुटबॉलला मालक नाही. तिथे संघ असतो तालमीचा. पाटाकडील, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार, संध्यामठ, जुना बुधवार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. तालीम ही मूळची कुस्तीची. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, रोममधली प्राचीन क्रीडागारं पाहून येऊन खासबाग मैदान बांधवलं, पेठापेठांत लाल मातीचे हौदे भरले. तालीम म्हणजे त्या गल्लीचं सगळंच. गणपती तिथे बसतो, भांडण तिथे मिटतं, पुराच्या वेळी भाकऱ्या तिथूनच निघतात. पुढे त्याच तालमींनी फुटबॉल उचलला. राजघराण्याचा या खेळाला आधार होता आणि आजही कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, त्या घराण्याच्या छायेत चालते.

केएसएच्या वरिष्ठ लीगमध्ये १६ संघ खेळतात. लीग संपली की बाद पद्धतीच्या स्पर्धा, आणि त्या तालमीच भरवतात. चषकाला कुणाचं तरी नाव असतं. सतेज चषक, चंद्रकांत चषक, अटल चषक. नाव वाचलं की पैसा कुठून आला आणि कोणत्या पक्षाच्या वाटेनं आला, हे कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही.

शाहू स्टेडियमवर दुपारी मोठा सामना असला की शहराचा चेहरा बदलतो. मंगळवार पेठेचा पाटाकडील आणि शिवाजी पेठेचा शिवाजी समोरासमोर असले तर मग बघायलाच नको. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून मालक आणि गडी दोघं एकाच मोटारसायकलवर. पाठीराख्यांच्या जागा ठरलेल्या. चुकून दुसऱ्या पेठेच्या बाजूला बसलात तर तुम्ही पाहुणे आहात हे लगेच कळतं. हलगी कडाडते. नातवाला घेऊन आलेला म्हातारा स्वतः कधीकाळी त्याच जर्सीत खेळलेला असतो आणि आताच्या लेफ्ट आउटला शिव्या घालायचा अधिकार त्यानं तिथून मिळवलेला असतो. त्याच्या हातात शेअर सर्टिफिकेट नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो लेफ्ट आउट त्याला चहाच्या टपरीवर भेटणार आहे, आणि हरल्याचं कारण द्यावं लागणार आहे. कुठल्या कंपनीच्या वार्षिक सभेत एवढा जाब विचारला जातो?

खर्च कसा चालतो? वर्गणी, गल्लीतले धंदेवाले, परगावी नोकरीला गेलेले जुने खेळाडू, एखादा उद्योजक, एखादा नगरसेवक. आफ्रिकेतले खेळाडू मोसमापुरते येतात. त्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय पेठ करते. निवडणुकीचं वर्ष असलं की जर्सी लवकर येतात. हे काही आदर्श लोकशाहीचं चित्र नाही. तालमीचा अध्यक्ष कोण होणार हे बऱ्याचदा मतपेटीत नाही, कट्ट्यावर ठरतं. बाया या हिशेबात जवळपास नाहीतच. आणि पेठेचा अभिमान हातघाईवर यायला वेळ लागत नाही. दगड-बाटल्या, रस्त्यावरचे पाठलाग, पोलिसांच्या नोटिसा, थांबलेले सामने, हे सगळं कोल्हापूरच्या फुटबॉलचा भाग आहे. त्याचं कौतुक करणारे आम्ही बाहेरचे लोक ते सोयीनं विसरतो.

तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. पाटाकडील हैदराबादला हलवता येत नाही. विकायला तिथे काही नाहीच. करार नाही, फ्रँचायझी नाही, नावापुढे जोडायला कुणाचं आडनाव नाही. पेठ उठून कुठे जाणार? पुण्याचे चार क्लब आले-गेले त्या बारा वर्षांत तालमींचे संघ त्याच नावानं, त्याच मैदानावर खेळत राहिले, आणि त्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात होता.

मोल चुकवावं लागलं ते दुसरीकडे. तालमीचा संघ राष्ट्रीय लीगमध्ये जात नाही. महासंघाचा परवाना हवा तर रीतसर संस्था, लेखापरीक्षित हिशेब, वयोगटांचे संघ, पगारी प्रशिक्षक, मैदानाचे करार असं सगळं दाखवावं लागतं. कट्ट्यावर चालणारा कारभार तिथे उघडा पडतो. चांगली पोरं मग बाहेर जातात आणि बाहेरच राहतात. विम्बल्डनकडे वहीखातं होतं आणि गल्ली विखुरलेली होती; कोल्हापूरकडे धगधगती गल्ली आहे आणि वहीखात्याचा कंटाळा. दोन्ही एका ठिकाणी आणायचा प्रयत्न महाराष्ट्रात अजून नेटानं झालेला नाही. केरळात २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमला त्रावणकोर रॉयल्स हा चाहत्यांच्या मालकीचा क्लब निघाला, तो देशातला पहिला म्हणून ओळखला जातो.

नुसती मालकी वाटून भागत नाही, याचे दाखलेही इंग्लंडातच आहेत. २००८ मध्ये मायफुटबॉलक्लब नावाच्या मंडळीनं इंटरनेटवरून माणशी ३५ पौंड गोळा केले आणि एब्सफ्लीट युनायटेडचे तीन चतुर्थांश शेअर घेतले. सत्तावीस हजारांवर मालक, जगभर पसरलेले. संघानं त्याच वर्षी एफए ट्रॉफी जिंकली आणि सगळ्यांना वाटलं हेच ते. पुढच्या वर्षी वर्गणी भरायची वेळ आली तेव्हा बहुतेकांना दुसरं काहीतरी काम निघालं. सभासद ओसरत गेले आणि २०१३ मध्ये क्लब कुवेती पैशाच्या कंपनीकडे गेला. पोर्ट्समथच्या पाठीराख्यांनी २०१३ मध्ये क्लब दिवाळखोरीतून सोडवला, चार वर्षं नीट चालवला आणि २०१७ मध्ये मतदान घेऊन अमेरिकन धनिक मायकेल आयझनरला विकला. पैसा कमी पडत होता, हे त्यांनी लपवलं नाही. यात मला काही गैर वाटत नाही. विकायचं की नाही हे त्यांनी ठरवलं, एवढं पुरे.

जर्मनीत हा प्रश्न कायद्यासारखा बांधून टाकलाय. १९९८ पासून तिथे नियम आहे की क्लबच्या कंपनीत बहुमताची मतं सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहिली पाहिजेत. लेव्हरकुझेन, वोल्फ्सबुर्ग असे जुने कारखान्यांचे क्लब तेवढे वेगळे. आपल्याकडे कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगालला सभासद आहेत, निवडणुका आहेत, पण मोठा पैसा आला तसा संघाचा ताबा कंपनीकडे गेला. २०२० मध्ये मोहन बागानच्या नावाआधी एटीके ही अक्षरं चिकटली. पाठीराख्यांनी तीन वर्षं फलक धरले, तेव्हा २०२३ मध्ये ती निघाली. निघाली खरी, पण मागे 'सुपर जायंट' लागलं. तेच मालक, तेच नाव, जे गहुंज्याला दोन वर्षं भाड्यानं राहून गेलं होतं.

पुण्याच्या ढोलवाल्या पोरांना असं काही का जमलं नाही? त्यांना दोष देता येत नाही. कोथरूडचा एक, वाकडचे चार, निगडीचे दोन, विमाननगरचा एक. सामन्याला भेटायचे, सामना संपला की आपापल्या वाटेनं. सोमवारी एकमेकांची गाठ पडत नव्हती. क्लब बंद झाल्याची बातमी त्यांनी आपापल्या फोनवर वाचली. विम्बल्डनच्या माणसांना निदान एक उपनगर होतं, पबमध्ये जमायची सवय होती.

मावळात ही अडचण नाही. इथे गाव आहे, तालीम आहे, गणेश मंडळाचं पावतीपुस्तक आहे, भजनी मंडळाची फंडाची पेटी आहे. कायद्यानं सहकारी संस्था काढायला वेगवेगळ्या कुटुंबांतली दहा माणसं लागतात. ती घोरावाडीच्या एका फलाटावर सकाळच्या लोकलला भेटतील. पण दिवाळीनंतर भात निघाला, खाचरं मोकळी झाली की गावोगाव टेनिस बॉल क्रिकेटचे 'प्रीमियर लीग' सुरू होतात, आणि तिथे संघ गावाचा नसतो. जमिनीचे पैसे आलेले, प्लॉटिंगचा धंदा करणारे असे 'संघमालक' असतात. हॉलमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो, बोली पुकारली जाते, शेजारच्या घरातला पोरगा अकरा हजारांना पलीकडच्या आळीला विकला जातो. चौकातल्या फ्लेक्सवर मधोमध मालकाचा फोटो, गॉगल लावलेला. खेळाडू खाली, तिकिटाएवढे. पुढच्या वर्षी मालक बदलला की संघाचं नावही बदलतं.